आधीच्या माणसाचा मंगळ

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. डिप्लोमाला दोनदा आपटलो ते, सिगारेट दुकानात कुठं लपवतो ते, तिच्या भावाबद्दल मला मनातून काय वाटतं तेसुद्धा. एवढं एक सोडून. हे तिला माहीत नाही, माझ्या आईला मरेपर्यंत कळलं नाही, मिलिंदला—जो माझा शाळेपासूनचा मित्र—त्यालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही सुमनला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर मी इथंही गप्प बसलो असतो. मी तसा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल भलत्या आशा ठेवू नका.

मशीनपासून सुरुवात करतो. मशीनचं बोलणं मला सोपं जातं. सुमनचं जात नाही.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. दौंडात कॉम्प्युटर हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकला होता, बघितला फार थोड्यांनी होता. माझ्याकडं होता! मिलिंद रेल्वेत वायरमन होता. त्याला पुण्याच्या जुन्या बाजारात एक घरगुती कॉम्प्युटर मिळाला, तो त्यानं माझ्या मांडीवर आणून टाकला. शाळेतल्या पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरच्या टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर असायचा, टेपरेकॉर्डर लावला की किर्र्र आवाज करत आत जायचा. विलायतेत असली मशीनं तेव्हा माळ्यावर पडली होती म्हणे. आमच्या गल्लीत मात्र पोरं खिडकीला लोंबकळून बघायची.

त्या मशीनवर काहीही शिकता आलं असतं. मी काय केलं? पत्रिकेचा प्रोग्रॅम लिहिला. जन्मतारीख, वेळ, गाव टाका—गुण किती जुळतात ते टीव्हीवर येणार, मंगळ आहे का नाही ते येणार. स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओच्या ओट्यावर टेबल मांडलं, वर फलक लावला—'कॉम्प्युटर पत्रिका'. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारालाही जीपमधून टीव्ही घेऊन जायचो. अहो, काय गर्दी व्हायची! मिलिंद हसायचा. त्यांच्यात पत्रिका बघत नाहीत. त्याचं लग्न बुद्धवंदना घेऊन झालं आणि संसार बरा चालला होता. "येवढं भारी मशीन आन् तू लोकांचे मंगळ काढत बसलास व्हय रं," म्हणायचा. मला राग यायचा. कारण घरात मला 'याचं कसं व्हायचं' असंच म्हणायचे, आणि त्या ओट्यावर मला पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हटलं होतं.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. मंगळ कुठल्या साली, कुठल्या महिन्यात कुठं होता, याचा तक्ता पंचांगातून उतरवून मशीनमध्ये भरावा लागतो. त्या मशीनची मेमरी एवढीशी. भरत भरत आलो आणि जागा संपली. मधली दोन-तीन सालं राहिली. राहिली, हे मला ठाऊक होतं. नंतर बघू म्हटलं. असं साल कुणी सांगितलंच तर मशीन अडेल, बंद पडेल, असं मी धरून चाललो. तपासून बघितलं नाही. कशाला बघतोय? गिऱ्हाईक उभं होतं ना समोर.

सुमन माझी मावसबहीण. भांडगावची. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी आवाज बाहेर यायचाच. दहावी झालेली. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका मुलाचं स्थळ तिला आलं होतं, वसंत त्याचं नाव. घरचा ऊस, भाजीपाला, स्वतः टेम्पो चालवायचा. बघाबघी झाली होती, बोलणी झाली होती. आणि ती त्याला आधीपासून ओळखत होती—कुणाच्या तरी लग्नात त्यानं तिला पंगतीत दोनदा जिलबी वाढली होती, एवढीच ओळख. पण मला हे सांगताना ती कानापर्यंत लाल झाली होती. मलाच सांगितलं होतं तिनं. फक्त मला.

मुलाकडच्यांनी म्हटलं, बाकी सगळं पसंत, एकदा पत्रिका तेवढी बघून घ्या. सुमनची पत्रिका कुणी केलीच नव्हती. त्या घरात पोरींच्या पत्रिका करायची पद्धत नव्हती. आप्पा—म्हणजे माझ्या मावशीचे यजमान—म्हणाले, ज्योतिषाकडं कशाला जायचं, आपल्या घरात कॉम्प्युटर हाय की! मावशी, आप्पा, सुमन, तिघं दौंडला आले. जन्मवेळ? मावशीनं सांगितली, "दुपारची पॅशिंजर फाटकावरनं गेली आन् ही झाली." मी मिशीत हसत जुन्या वेळापत्रकावरून वेळ काढली. किती शहाणा होतो मी!

त्यांच्या आधी आमच्या शेजारचा शिंपी आपल्या मुलाचं बघून गेला. मग मी सुमनची तारीख टाकली, साल टाकलं. मशीन अडलं नाही. बंद पडलं नाही. नेहमीसारखं थोडा वेळ थांबलं आणि पडद्यावर अक्षरं आली—मंगळ, आठवं घर.

आठव्या घरातला मंगळ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. माहीत नसेल तर सुखी आहात. अशी मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, असं धरतात. मला त्यातलं काडीचंही खरं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण ओट्याभोवती माणसं होती, आणि मी नेहमी मोठ्यानं वाचायचो, कारण मोठ्यानं वाचलं की अजून माणसं जमायची. मी मोठ्यानं वाचलं. तिचं नाव घेऊन वाचलं. तळेगावचा कुणीतरी त्या गर्दीत होताच; आम्ही जेवायला बसायच्या आत बातमी निघाली असणार.

स्थळ मोडलं.

त्या दिवशी निघताना सुमन मागं रेंगाळली. म्हणाली, "दादा, परत एकदा बघ ना. चुकलं असंल." तिनं माझ्या बाहीला धरलं होतं. परत बघायला किती वेळ लागला असता? मी हसलो—हो, हसलो—आणि म्हणालो, माणूस चुकतो गं, मशीन चुकत नाही. पुढं मावशी एकदा म्हणाली की दौंडातल्या ज्योतिषांना विचारू का, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं. वर चिडलो. माझ्याच घरच्यांनी माझ्या मशीनवर शंका घ्यायची म्हणजे काय?

आता त्या दुसऱ्या मशीनवर येतो.

वर्षभरानं असेल, मिलिंदनं नवीन मॉडेल आणलं. तेच मशीन, पण सुधारलेलं. नावापुढं फक्त 'प्लस' लागलं होतं. रबरी बटणांच्या जागी कडक प्लास्टिकची बटणं, टाइपरायटरसारखी. बाजूला एक बारीक बटण—दाबलं की मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि मेमरी जुन्याच्या कितीतरी पट. मी हरखून गेलो. फलक रंगवून घेतला—'आता नवीन प्लस मॉडेलवर'. आता सगळी सालं बसणार होती. पंचांगं घेऊन बसलो, जेवणखाण विसरून राहिलेले तक्ते भरले. भरून झाल्यावर तपासायला म्हणून घरातल्या माणसांच्या तारखा टाकत गेलो. आईची, माझी, धाकट्या भावाची. दुपारची वेळ, आई बाहेर पापड वाळत घालत होती. सुमनची टाकली.

तिला मंगळ नव्हता.

परत टाकली. मशीन बंद करून, चालू करून टाकली. पंचांग उघडून बोटानं ओळ धरून बघितली. मंगळ तिसऱ्या घरात. तिसऱ्या घरातल्या मंगळाला कुणीही काही म्हणत नाही. मग मी जुनं रबरी मशीन काढलं. शेजारच्या शिंप्याच्या मुलाची तारीख त्याच्याकडून पुन्हा विचारून आणली, ती टाकली, तिच्या मागोमाग सुमनची. आठवं घर! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रोग्रॅममध्ये मंगळासाठी मी एक खण ठेवला होता. साल सापडलं की त्यात नवा आकडा पडायचा. साल सापडलं नाही, तर खण तसाच राहायचा, आधीच्या गिऱ्हाईकाचा आकडा पोटात घेऊन. सुमनचं साल त्या राहिलेल्या सालांतलं. शिंप्याच्या पोराचा मंगळ ज्या राशीत होता, त्याच राशीत तिचाही धरला गेला आणि तिच्या पत्रिकेत तो आठव्या घरात येऊन बसला. रांगेत तिच्यापुढं दुसरं कुणी असतं तर तिचं नशीब दुसरं झालं असतं. याला काय म्हणायचं? मी आजवर शब्द शोधतोय.

इथवर चूक होती. हलगर्जीपणा म्हणा, माज म्हणा. चुका होतात, असं तुम्ही म्हणाल, माझ्या पाठीवर हातही ठेवाल. थांबा. ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी मी भांडगावला गेलो. सांगायलाच गेलो होतो, एवढं खरं आहे. वसंतचं तोवर दुसरीकडं जमलं होतं, पण सुमनला दुसरी चांगली स्थळं आली असती की. एसटीतून उतरून घरापर्यंत चालत वाक्यं जुळवत होतो. दारात आप्पांनी बघितलं आणि शेजाऱ्याला हाक मारली, "ह्यो बघा आमचा कॉम्प्युटरवाला! नवं मशीन आणलंया त्यानं!" मावशीनं चहा टाकला. सुमन चुलीपाशी होती. पहिल्यासारखी नव्हती, बोलायची, पण हसताना पदराकडं हात जात नव्हता, कारण हसतच नव्हती. शेजारणीचं तान्हं पोर रडत होतं, मावशी म्हणाली घे गं जरा त्याला, तर ती म्हणाली, मी नको. माझा हात नको. का नको, ते सगळ्यांना कळलं. मला तर कळलंच.

मी चहा प्यालो. ऊस कसा आहे विचारलं. पाटसचा कारखाना कधी सुरू होतोय विचारलं. आणि परत आलो.

का नाही बोललो? तेव्हा मनात काय होतं ते सांगतो. फलक होता. नुकताच रंगवलेला. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळं दौंड म्हणालं असतं, याचं मशीन खोटं आहे. मग ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून पत्रिका बघून नेल्या होत्या, ते सगळे दारात आले असते. त्यांतल्या किती जणांची सालं राहिलेल्यांत होती? मला माहीत नाही. शोधलं नाही. मी पुन्हा 'याचं कसं व्हायचं' झालो असतो. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं, पण नव्हतं.

आणि मग आप्पा आले.

एकटे आले, दौंडला, ओट्यावर. शिरूरकडचं एक स्थळ आणलं होतं. मुलाची पहिली बायको वारलेली. वयानं बराच मोठा, दत्तू नावाचा. पितो, असं ऐकून होते, पण आप्पा म्हणाले, थोडीफार कोण घेत न्हाई? त्याला कडक मंगळ होता आणि मंगळाचीच मुलगी पाहिजे होती. आप्पांच्या चेहऱ्यावर आशा होती. तुम्ही कधी बघितलंय, पोरीला उजवता येत नाही म्हणून खचलेल्या बापाच्या चेहऱ्यावर आशा कशी दिसते ते? बघू नका. ते म्हणाले, "नव्या मशीनवर दोघांची बघ बाबा. तू व्हय म्हणलास तर सुपारी फोडतो."

मी दोघांच्या तारखा टाकल्या. पडद्यावर आलं—मुलाला मंगळ आहे, मुलीला नाही. गुणही धड जुळत नव्हते. सगळं इंग्रजी अक्षरांत. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. ते पडद्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हणालो, "दोघांनाही मंगळ हाय, आप्पा. झकास जमतंय."

हे मी म्हणालो. मशीन नाही. मशीननं त्या दिवशी खरं सांगितलं होतं. नवीन, सुधारलेलं मॉडेल होतं ते. पत्रिका मानणाऱ्यांच्याच हिशेबानं हे लग्न होता कामा नव्हतं, आणि माझ्या हिशेबानं तर त्या माणसाला पोरगी द्यायचं काही कारणच नव्हतं. नाही म्हणायला काय लागत होतं? 'जमत नाही' म्हटलं असतं तरी जुनी चूक झाकलेलीच राहिली असती! हे मला त्या संध्याकाळीच सुचलं, घरी जाताना. पण त्या क्षणी एवढंच डोक्यात होतं की मागं एकदा मंगळ आहे म्हणून बसलोय, तेव्हा आता आहेच म्हटलं पाहिजे. आप्पांनी डोळे मिटून टीव्हीला हात जोडले. मी मान खाली घालून वायर गुंडाळत बसलो.

लग्न भांडगावला झालं. मी वाढप्यांत होतो, पळत होतो, घाम पुसत होतो. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा.

पुढचं मला लांबवायचं नाही. दत्तू पीत होता आणि मारत होता. सुमन दोनदा माहेरी आली, दोनदा आप्पांनी समजूत घालून परत नेऊन सोडली. त्यांचं म्हणणं एकच, मंगळाच्या पोरीला याच्याशिवाय कोण मिळणार होतं? तिचंही तेच म्हणणं होतं. तेच मला सहन होत नाही. ती त्याला दोष द्यायची नाही. माझ्या लग्नात हळदीच्या वेळी सगळ्या बायकांनी तिला पुढं ढकललं, बहीण आहेस, लाव हळद. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली, हसून म्हणाली, "नको दादा, माझा हात नको लागायला तुला." माझ्या अंगाला बाकीच्यांनी हळद लावली. मी हातपाय पुढं करून बसलो होतो. पाटावरून उठून तिला सांगता आलं नसतं? सगळ्यांसमोर? आलं असतं.

मग दत्तू गेला. शिरूरच्या बाहेर, नगर रोडवर, पिऊन मोटरसायकल चालवत होता, उभ्या ट्रकवर आदळला. आम्ही गेलो. अंगणात त्याची आई ऊर बडवत होती आणि सुमनकडं बोट दाखवत होती—हिचा मंगळ जास्त कडक निघाला, हिनं गिळला माझ्या पोराला. अंगणभर माणसं. एकही जण त्या म्हातारीला म्हणेना, बाई, गप बस. मीही म्हणालो नाही. सुमन भिंतीशी बसली होती, आपल्या लहानग्या पोरीला पोटाशी धरून, आणि सासूच्या शब्दांवर हळूहळू मान हलवत होती. हो म्हणून. तिला पटत होतं!

मी तेव्हा तिथून उठून रस्त्यावर गेलो आणि सिगारेट ओढली. माझा पुरुषार्थ एवढाच.

आप्पा गेले तेव्हाही तिला वाटलं, माझ्यामुळं. तिच्या सख्ख्या भावाला कावीळ झाली तेव्हाही वाटलं. पोरगी तापली की ही चार हात लांब झोपायची आणि शेजारणीला पोरीच्या उशाशी बसवायची. हे मला मावशी सांगायची, रडत सांगायची. मी ऐकून घ्यायचो.

एव्हाना दिवस बदलले. खरे कॉम्प्युटर आले, ती दोन्ही मशीनं निकामी झाली. मी त्याच ओट्यामागं गाळा घेतला—झेरॉक्स, लग्नपत्रिकांची छपाई, टायपिंग. पत्रिकेचं सॉफ्टवेअरही ठेवलं, तयार मिळायला लागलं होतं, मराठीतलं. तर एक दिवस सुमन आली. शिरूरहून एकटी आली होती. केस पांढरे होऊ लागलेले. पाणी प्यायली, घरच्यांचं विचारलं. मग पिशवीतून चिटोरं काढलं, त्यावर पोरीची जन्मवेळ. पोरगी तेव्हा सातवीत होती, लग्नाचं नावही नव्हतं. म्हणाली, "लगीन न्हाई जमवायचं, दादा. फकस्त येवढं बघ, माझा मंगळ तिला लागलाय का. तुझ्याबिगर कुणाला विचारू?"

मी बघितलं. पोरीला मंगळ नव्हता. तसं सांगितलं. सुमननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि गदगदा रडली. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून पडद्याकडं बघत होतो, आणि कसं कोण जाणे, बोटांनी तिचीच तारीख टाकली. तिची वेळ मला तोंडपाठ आहे. पडद्यावर तिची पत्रिका उघडली. मराठीत. खाली ठळक अक्षरांत—मंगळदोष नाही.

सुमनला मराठी वाचता येतं. पडदा माझ्याकडं होता. एक हात लावला असता तर फिरला असता.

तिनं डोळे पुसले, वाकून बघायला लागली. "ही कुणाची रं पत्रिका?"

"कुणाची न्हाई," म्हणालो आणि बंद केली.

तिनं माझा हात धरला. हात लावत नाही ती कुणाला, तिनं धरला. म्हणाली, "तू मला कवा खोटं सांगितलं न्हाईस. तू न्हाई म्हणलास म्हंजी पोरगी सुटली माझी." मग शिरूरची गाडी चुकायला नको म्हणून उठली. मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो, खिडकीपाशी जागा मिळवून दिली.

ती अजून शिरूरलाच आहे. भाऊबीजेला येते, ओवाळत नाही, लांबूनच नमस्कार करते. तिला मंगळ कधीच नव्हता. तुम्हाला आता कळलं. तिला नाही.